गोल टोकाची सुई आणि सुनिताची पाचवी

सोम., ३ नोव्हें.

सुनिता आली होती. जैनथकडची आशा कार्यकर्ती, दुसऱ्यांदा गरोदर, नववा लागला. पहिलं सिझर आमच्याच हॉस्पिटलात झालेलं, याही वेळी सिझरच. तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. इथपर्यंत सगळं सरळ. मग बाई माझ्याकडे वळून म्हणते, "मॅडम, पाठीत सुई नोका देऊ मले. पुरी झोपवून टाका."

तिला दमा आहे. कापसाच्या दिवसांत छातीत शिट्टी वाजते. मान आखूड, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. अशा बाईला पूर्ण भूल द्यायची म्हणजे घशात नळी घालायची, आणि नळी गेली नाही तर... हे सगळं सांगितलं. ऐकून घेते, मान हलवते, आणि परत तेच. "नाही म्हंजे नाही."

तिचं चुकत नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या पाठीत भुलीची सुई देणारी मीच. दुसऱ्या दिवसापासून डो.दु. (डोकेदुखी. केसपेपरवर असं लिहायची सवय, आता इथेही तेच.) आडवी असली की काही नाही, उठून बसली की डोक्यात घण. सुईने पडद्याला भोक पडतं, त्यातून मणक्यातलं पाणी झिरपत राहतं, त्याचं हे दुखणं. आठ दिवस बाजेवर सपाट होती. आता ती तिच्या गावांतल्या गरोदर बायांना काय सांगते ते मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एक बाई सुईच्या धाकाने आमच्या टेबलावरून उठली आणि पोटातल्या कळांसकट पेनगंगेपलीकडे महाराष्ट्रात गेली. रस्त्यात काही झालं नाही म्हणून बरं.

चिडले. तिच्यावर नाही. पण ओरडले तिच्यावरच.

बुध., ५ नोव्हें.

श्री.चा खोका आला, बसने. श्री. म्हणजे श्रीनिवास. अकरावी-बारावीला आदिलाबादेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, वेणी ओढायचा. हल्ली हैदराबादकडे सुया बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांचं डिझाइन बघतो. फोनवर त्याच्याकडे कुरकुर केली होती, ती त्याने मनावर घेतली. खोक्यात गोल टोकाच्या सुया, रीतसर मंजूर, बाजारात मिळणाऱ्याच. सोबत चिठ्ठी: "वापर आणि शिव्या दे. पुढची सुई कशी करायची ते शिव्यांवरून ठरवू."

साहेबांची सही घेतली. साहेब म्हणजे सुपरिंटेंडेंट. "वापरा, पण नोंद ठेवा," एवढंच बोलले. आजपर्यंत त्यांच्याकडून मिळालेलं सर्वांत लांब वाक्य.

फरक लिहून ठेवते. आमची रोजची सुई टोकाला तिरकी कापलेली, धारेची. पडदा कापत जाते. हिचं टोक पेन्सिलीसारखं, बंद. औषधाचं भोक टोकाला नाही, बाजूला, जरा मागे. ही पडद्याचे धागे कापत नाही, बाजूला सारते. सुई काढली की धागे पुन्हा जवळ येतात. पाणी कमी झिरपतं, डोकं कमी दुखतं. कातडीतून मात्र ही जात नाही. आधी एक आखूड जाड सुई घालायची आणि तिच्या पोटातून हिला पाठवायची.

दाखवायला म्हणून एक पाकीट फोडलं. नरसय्याने टोकावर अंगठा फिरवला. हा ऑपरेशन थिएटरचा जुना माणूस, माझ्याही आधीपासूनचा, ट्रे त्याच्या हातचा. म्हणाला, "मॅडम, ये तो मोद्दु है." मोद्दु म्हणजे तेलुगूत बोथट. संध्याकाळपर्यंत थिएटरात तेच नाव पडलं. मोद्दु सुई.

शनि., ८ नोव्हें.

मोद्दुने चार केसेस. चारही छान. कालच्या दोन बायांना वॉर्डात जाऊन विचारलं, उठून बसलात का? बसल्या. डोकं? "कायले दुखन?" उलट मलाच प्रश्न.

फार बरं वाटलं. घरी येताना उगाच जिलबी घेतली.

सोम., १० नोव्हें.

जिलबी अंगाला लागू नये म्हणून हा दिवस.

तिशीतला ऑटोवाला, उजव्या नडगीचं हाड मोडलेलं. मोद्दु घातली, पाणी दिसलं, औषध दिलं. डावा पाय बधिर. उजवा अर्धवट. वेळ दिला, चिमटे काढून पाहिले, वाटलं की चढली. पहिल्या छेदाला तो ओरडला. काय ओरडला. पूर्ण झोपवावं लागलं. पुढे सगळं सुरळीत, आता वॉर्डात बायकोशी भांडतो आहे, म्हणजे ठणठणीत.

चूक सुईची नाही, माझ्या हाताची. धारेच्या सुईचं भोक टोकालाच असतं, म्हणून पाणी दिसलं की थांबायचं. चौदा वर्षं माझा हात तिथेच थांबतो. हिचं भोक बाजूला आणि लांबट. पाणी दिसलं तरी भोक अर्धं पडद्याच्या आत, अर्धं बाहेर असू शकतं. अर्धं औषध बाहेर सांडलं असणार. हे पुस्तकात मला पाठ आहे. हाताला कोण सांगणार?

त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, गाडी पण कधी कधी पहिल्या किकला लागत नाही." लाज वाटली. खूप लाज वाटली.

मंगळ., ११ नोव्हें.

नरसय्याने ट्रेवर जुनी सुई ठेवली होती. न विचारता. मीही काही बोलले नाही, तीच उचलली.

भित्री.

गुरु., १३ नोव्हें.

श्री.ला फोन. तासभर वाद.

मी: भोक टोकाजवळ आण.
तो: आणलं तर टोक कमजोर होतं. वाकलं तर तूच बोंबलशील.
मी: मग लहान कर.
तो: लहान केलं तर पाणी यायला उशीर. पाणी दिसेना म्हणून तू आणखी आत घुसशील.
मी: बरं, निदान भोक कुठल्या अंगाला आहे ते तरी कळू दे.
तो: मागच्या टोपीवर खाच आहे की.
मी: ओल्या हातमोज्यात तुझी ती खाच सापडत नाही! खाच नको, उंचवटा दे. बोटाला लागला पाहिजे, न बघता.

तो म्हणाला, "हे कोणी सांगितलं नव्हतं." कागदावर काढून बघतो म्हणाला. त्याच्याकडून इतकं म्हणजे पुष्कळ. आता तो वेणी ओढत नाही, पण वादात अजून तसाच आहे.

रवि., १६ नोव्हें.

बाजारातून बकऱ्याचा कणा आणला. खाटीक म्हणे, "सूप बनाना है क्या मॅडम?" म्हटलं, नाही, सुया टोचायच्या आहेत. त्याने पिशवी जरा लांबूनच दिली.

सकाळभर ओट्यावर हाच उद्योग. कण्यातला पडदा सोडवला, स्टीलच्या ग्लासात निळीचं पाणी भरलं, तोंडावर पडदा ताणून रबर लावलं, ग्लास उलटा केला. धारेच्या सुईने टोचलं: टप, टप, टप. थांबेचना. गोल टोकाने: दोन थेंब, मग नुसती ओल, मग काही नाही. मला माहीत होतं तरी बघत बसले. आणखी पाच-सहा वेळा केलं. दोन-तीनदा गोल टोकाचंही गळलं, पण कमी.

आई दारात उभी राहून बघत होती. आईचं वय शहात्तर, ओट्यावर बकरं मांडल्याबद्दल सकाळपासून तोंड फुगलेलं. म्हणाली, "हे पाह्याले दहा वर्षं शिकली काय तू?"

मग तिने सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांना मास्तरची नोकरी लागायच्या आधी ती मार्केटात पोती शिवायला जायची, एवढं माहीत होतं. "दाभणाचं टोक चपटं झालं का तागाचा धागा कापते. मंग त्या भोकातून दाणा गळते, अन् मुकडदम शिव्या देते. आमी बाया दगडावर घासून टोक गोल करून घेत होतो. गोल दाभण धाग्याले बाजूले करते." आणि जाता जाता, "ओटा डेटॉलनं धुजो."

हे तेव्हापासून मार्केट यार्डातल्या बायांना ठाऊक. मी एमडी.

दुपारी उरलेल्या कण्यावर हात बसवला. पाणी दिसलं की थांबायचं नाही. केसभर पुढे. मग सुई जागच्या जागी पाव फेरा फिरवायची. पाणी तसंच येत राहिलं तर भोक पुरतं आत. वीसदा केलं. मान अवघडली.

बुध., १९ नोव्हें.

नरसय्याने आज ट्रेवर दोन्ही सुया ठेवल्या, शेजारी शेजारी. माझ्याकडे बघत होता. मी मोद्दु उचलली. केसभर पुढे, पाव फेरा. दहा मिनिटांत दोन्ही पाय लाकूड. सर्जनने सुरू केलं, पेशंट घोरायला लागला.

नरसय्या: "मोद्दु अच्छा है." मी: "मोद्दु अच्छा है, मॅडम कच्ची थी." हसला. मला वाटतं, हा माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच हसला.

मंगळ., २५ नोव्हें.

आठवड्याच्या नोंदी: मोद्दु ११. अर्धवट एकही नाही. डो.दु. एक, तीही जुजबी, चहा-पाण्याने दोन दिवसांत गेली. लिहून ठेवली. लपवली तर स्वतःलाच फसवेन.

श्री.चे नमुने आले, टोपीवर उंचवटा असलेले. या सुया पेशंटला लावायच्या नाहीत, अजून मंजुरी-बिंजुरी लांब आहे. नुसत्या हाताळायच्या. हातमोजा ओला करून, डोळे मिटून चाचपलं. लगेच कळतं भोक कुठल्या अंगाला! नरसय्यालाही डोळे मिटायला लावले. दहापैकी दहा. पण धार राहिली आहे उंचवट्याला, माझा हातमोजा फाटला. श्री.ला कळवलं: घासून गोल कर. "तुला सगळंच गोल पाहिजे," म्हणाला.

गुरु., २७ नोव्हें.

सुट्टी टाकून सुनिताच्या घरी गेले. जैनथहून ऑटोने पुढे. पडवीत छतापर्यंत कापूस, त्याच्या शेजारी बसून ती धापा टाकत रजिस्टर लिहीत होती. म्हटलं, आधी ह्या कापसापासून उठ.

सासू, जाऊ, दोघी आल्या. सासू म्हणाली, "मास्तरची पोरगी ना तू? बस बाई." मग चहा झाला, आणि मूळ गोष्ट निघाली. मी समजत होते की सुनिताला राग आहे तो दुखण्याचा.

राग पाचवीचा आहे.

पाचव्या दिवशी सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहिते. त्या संध्याकाळी बाळंतीण पाटावर, लेकरू मांडीवर. मागच्या वेळी सुनिता सपाट. दोनदा उठवून बसवली, दोनदा ओकली. शेवटी जावेने लेकरू मांडीवर घेतलं. आठ दिवस तीच बघत होती पोरीला. "पाजाले फक्त माझ्याकडं," सुनिता म्हणाली. "आता पोरगी जाऊबाईले माय म्हणते. मले सुनि म्हणते, घरचे म्हणतेत तसं."

जाऊ चुलीकडे बघत म्हणाली, "म्या शिकवलं नाही तिले."

"तू शिकवलं असं कुठं म्हणून राह्यली मी," सुनिता. तेवढ्यात पोरगी आतून आली ती सरळ जावेच्या मांडीत.

आमच्या घरात सटवाई कोणी मानत नाही, मीही नाही. पण आई असून पाटावर बसता न येणं, हे मानते. आणि ते माझ्या हातून झालं होतं.

दोन्ही सुया काढून दाखवल्या. गोल टोक कसं जातं ते दाभण-पोत्यावरून सांगितलं, सासूला तिथल्या तिथे समजलं. सुनिताने विचारलं, "यानं दुखणारच नाही?" म्हटलं, असं नाही सांगत. दुखायची भीती पुष्कळ कमी. दुखलं तर इलाज करीन, तुला आठ दिवस सोडणार नाही. आणि नळीची भीती तुझ्या दम्याला याहून मोठी आहे.

सुनिता रजिस्टरची पानं चाळत राहिली. "दुखणारच नाही म्हटलं असतं तर मी उठून गेली असती," म्हणाली. "घेतो. पण पाचवीले मी पाटावर बसली पायजे, मॅडम. नाही बसली तर मी एकही बाई तुमच्याकडं आणणार नाही. नोकरी गेली तरी."

ठरलं. एका सुईवर एवढं सगळं.

बुध., ३ डिसें.

झालं!!

सुनिताचं सिझर, सकाळी. बसवली, उशी कवटाळायला दिली, नरसय्याने समोरून खांदे धरले. हाताला भीती नाही, बकऱ्याचा कणा आठवत होता. जाड सुई. तिच्यातून मोद्दु. पडदा लागल्याचं बोटाला कळलं, पाण्याचा थेंब. केसभर पुढे. पाव फेरा. पाणी येतंय. औषध.

"पाय गरम लागून राह्यले," सुनिता म्हणाली. एवढं गोड वाक्य मी वर्षभरात ऐकलं नाही.

मुलगी. पावणेतीन किलो. रडली ती साहेबांच्या खोलीपर्यंत. छातीत शिट्टी नाही, श्वास शांत. बाहेर सासूला सांगितलं, मुलगी झाली, दोघी छान. तिने एकच विचारलं, "सून उठून बसन ना?"

गुरु., ४ डिसें.

बसली. दुपारी नर्सने टेकून बसवलं, अर्धा तास. डोकं? नाही. मान? नाही. मी दर तासाला जाऊन विचारते. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमीच दुखवसान इचारू इचारू."

अजून दोन दिवस धोक्याचे. दुखायचं तर आता सुरू होतं.

शुक्र., ५ डिसें.

सकाळी साडेनऊला वॉर्डातून फोन: सुनिताचं डोकं दुखतंय, फार.

जिना कसा चढले माहीत नाही. ती बसलेली, कपाळ धरून, डोळ्यांत पाणी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सासू कोपऱ्यात.

मग जरा डॉक्टरसारखी वागले. म्हटलं, आडवी हो. झाली. थांबले, घड्याळ बघून. आता? "तेवढंच." बस. "तेवढंच." आडवी झाल्यावर कमी होत नाही! म्हणजे हे सुईचं नाही! मग कशाचं? डोक्याला हात लावला तर फडकं. कान, कपाळ, मागे गाठ, इतकं करकचून की कपाळावर वळ. वारं लागू नये म्हणून सासूने पहाटे बांधलेलं. पाणी? "बाळंतिणीले पाणी देत नाहीत, टाके पिकते." कालपासून तीन घोट. चहा? तोही बंद. आणि ही बाई दिवसाला सहा कप पिणारी!

रक्तदाब बघितला, बाकी सगळं तपासलं, ठीक. फडकं सोडलं. सासू कुरकुरली, म्हटलं, सैल बांधा, पण सैल. तांब्याभर पाणी माझ्यासमोर प्यायला लावलं. नरसय्याला कॅन्टीनला पिटाळलं, दोन कप कडक चहा. तासाभराने गेले तर बया शेजारच्या खाटेवरच्या पहिलटकरणीला पाजायचं कसं ते शिकवत होती. बसून.

जिन्यावर खाली बसले आणि हसले. मग जरा रडले. नर्सने बघितलं, बघू दे.

सासूला सगळं नीट समजावलं, पाण्याने टाके पिकत नाहीत म्हणून. पटलं नाही. पण देते म्हणाली. "तू म्हणतेस म्हणून."

शनि., ६ डिसें.

सकाळी आईबरोबर विहारात. मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, ओळखीची सगळी. आईने तिथल्या चार जणींना बकऱ्याचा किस्सा सांगितला. आता सगळ्या मला सुईवाली म्हणून ओळखणार.

तिथूनच वॉर्डात फोन. सुनिता ठीक. दोनदा बसून पाजलं. डो.दु. शून्य. शून्य लिहिताना पेन मोठं गोल काढतं.

रवि., ७ डिसें.

पाचवी.

सासू दुपारीच पिशवी घेऊन हजर: पाट, वरवंटा, विळा, कोरा कागद, पेन, दिवा. इन्चार्ज सिस्टर खवळल्या. वॉर्डात विळा? शेजारी ऑक्सिजन, आणि दिवा? त्यांचं बरोबरच होतं. मी मध्ये पडले. मी! सटवाईची वकिली करायला! म्हटलं, व्हरांड्यात करू, दिवा बाहेरच्या कट्ट्यावर, विळा फडक्यात गुंडाळून, वीस मिनिटं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. "मॅडम, आप भी?" म्हटलं, हो, आज मी पण.

सुनिता चालत आली. पोट धरून, हळूहळू, पण चालत. पाटावर बसली. मांडीवर लेकरू. सासूने कागद-पेन ठेवलं, काहीतरी पुटपुटली. मी भिंतीला टेकून घड्याळ बघत होते. दहा मिनिटं. पंधरा. तिचा चेहरा बघत होते, कपाळावर आठी येते का. आली नाही. वीस. पंचवीस. सिस्टरही वेळ विसरल्या, पुढे होऊन बाळाला काजळ लागलंय का बघत होत्या.

मोठी पोरगी जावेच्या कडेवर होती. उतरली, बाळाजवळ आली, बाळाचं बोट धरलं. सुनिताने तिला जवळ ओढलं नाही. नुसती सरकून जागा केली. पोरगी पाटाच्या कडेला टेकली, थोडा वेळ, मग पुन्हा जावेकडे. जाऊ म्हणाली, "बस ना माय, बस तिथंच." नाही बसली.

पण सुनिता बसली होती. पाऊण तास. मी मोजला.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "जेवून घे." जेवले. किती दिवसांनी पोटभर.

शुक्र., १२ डिसें.

काल सुनिता घरी गेली. टाके कोरडे. तांब्याभर पाणी पिऊन.

साहेबांपुढे नोंदवही आणि गोल टोकाच्या सुयांसाठी मागणीचा इंडेंट, दोन्ही ठेवलं. "बघू," म्हणाले. दर सोमवारी येऊन बसणार आहे, असं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. श्री.चा नवा उंचवटाही आला, या वेळी हातमोजा फाटत नाही.

मंगळ., १६ डिसें.

दुपारी डबा खाताना सुनिताचा फोन. बाळ ठीक, ती ठीक. मग: "मॅडम, बाजूच्या गावात एक पहिलटकरीण आहे, पोर आडवं आहे. गुरुवारी मीच घेऊन येतो. भेते, पण येते. मोद्दुच पायजे म्हणते." मोद्दु शब्द पार तिथपर्यंत पोचला! हसले. म्हटलं, आण, सुया आहेत अजून.

"एक इचारू काय?"

"विचार."

"ही सुई मागच्या येळी नव्हती काय?"

घास हातातच. नवीन निघाली आहे, असं म्हणता आलं असतं. तिला पटलं असतं, कोणालाही पटेल. पण नागपूरला शिकत होते तेव्हा मी हीच वापरायची. इथे आल्यावर एकदा लिहून मागितली, 'उपलब्ध नाही' असा शेरा आला, कागद फाईलला लावला, आणि ट्रेवर असेल ती उचलत राहिले. वर्षानुवर्षं. पुन्हा मागितली नाही. भांडले नाही. एरवी मी कोणाशी भांडत नाही? माझ्याच डोक्यातून ती गोष्ट गेली होती आणि या चाळीस दिवसांत, एवढं सगळं लिहून, मी ती स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती.

"होती," म्हटलं. "आपल्या हॉस्पिटलात नव्हती. पण होती. मी मागत राहायला पाहिजे होतं, सुनिता. नाही मागितली."

पलीकडे अंगणात कोणीतरी पोरीला हाक मारत होतं, ते ऐकू येत होतं. मग बाळ रडलं.

"थांबा, हिले घेतो," ती म्हणाली. "मंग बोलतो." आणि फोन ठेवला.

आता पाच वाजले. फोन नाही. नरसय्याला सांगितलं आहे, गुरुवारसाठी एक मोद्दु बाजूला काढून ठेव. त्याने विचारलं, पेशंट पक्का है? म्हटलं, माहीत नाही, तू ठेव.